चौथ्या प्रकरणातला बाण

टीचर,

गेल्या मंगळवारी माझ्या विद्यार्थिनीने आपल्या दोघींचं प्रमेय मोडलं. तुम्ही गेल्यावर आपल्या दोघींच्या नावाने जो पेपर छापून आला, त्यातलं. घाटकोपरच्या ज्या कॉलेजात मी आता शिकवते तिथे स्टाफरूमच्या कोपऱ्यात प्लायवूड लावून मला एक खुराडं करून दिलंय, त्याला सगळे केबिन म्हणतात. तिथे ती समोर बसली, पेपरची प्रिंट काढली आणि दुसऱ्या पायरीवर पेन्सिल टेकवून म्हणाली, "मॅडम, हे नाही बसत ना." मुलगी बोरीवलीची आहे, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. बोलायला फटकळ. तुम्हाला आवडली असती. मी म्हटलं, काय नाही बसत? तिने कागदाच्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली. "ही नंबर लाइन. हिच्यातले फक्त अपूर्णांक घेतले आणि जिथल्या तिथे ठेवले. हा झाला आपला मॅप. कंटिन्युअस आहे. तुमची परीक्षा पास होतो. तुमचं प्रमेय म्हणतं, परीक्षा पास म्हणजे सगळीकडे पोचला. मग दोनच्या वर्गमुळावर कोण पोचलं, सांगा? कोणीच नाही. वाट लागली मॅडम."

मी रेघेकडे बघत राहिले. समजायला वेळ लागतोय असं तिला वाटलं असावं, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, जरा हळू, आपण पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतो तसं. मग तिने तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. "पण मॅडम, तुमच्या गाईडनी कसं नाही पकडलं? तुम्ही तर सांगता त्या एवढ्या कडक होत्या." आणि मी, टीचर, एक क्षणही न थांबता म्हणाले, "त्या तेव्हा फार आजारी होत्या गं." ती "अच्छा" म्हणाली. "मग बरोबर आहे. त्यांना चेक करायला जमलं नसेल." आणि तिने समासात काहीतरी टिपून घेतलं. माझ्या वाक्यातला शब्द न शब्द खरा होता. तुम्ही आजारी होता. इतकं खरं वाक्य बोलून मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी मी ते मागे घेतलं नाही, तिला चहा हवा का विचारलं.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती दुपार मला सारखी आठवतेय. मुलुंडहून दोन बस बदलून अंधेरीला, मग रिक्षावाल्याला गावठाण कुठे ते माहीत नाही, मग गल्लीच्या तोंडाशी तो पांढरा क्रूस आणि त्याला झेंडूचा हार. मेट्रोचे खांब तेव्हा नुसते उभे राहत होते आणि सगळा रस्ता खणून ठेवला होता. तुमचं दार उघडंच. मी बाहेरूनच विचारलं, "मॅडम आहेत का?" आतून आवाज आला, "इथे मॅडम कोणी नाही, टीचर आहे. चपला तिथेच काढ आणि स्वयंपाकघरात ये." तुम्ही बोंबील साफ करत होता. कडप्प्याचा तो लांबलचक काळा ओटा, एका टोकाला गॅस, मधे मासे, आणि दुसऱ्या टोकाला मिठाच्या बरणीशेजारी खडूंचा डबा. अर्धा ओटा बाणांनी भरलेला. मला वाटलं, घरातल्या कुठल्या पोराने रेघोट्या मारल्यात.

हात धुवायच्या आधीच तुम्ही परीक्षा सुरू केलीत. "एकास एक मॅप म्हणजे काय, सांग." मी सुरू केलं, दोन वेगवेगळे बिंदू घेऊ, आणि तुम्ही सुरी वर केलीत. "बिंदू नको. माझ्या स्वयंपाकघरात बिंदू चालत नाही." मी म्हटलं, बिंदूशिवाय कसं सांगणार? "माणूस कसा आहे ते तू कशावरून ठरवतेस? पोट फाडून आत बघतेस का?" समोर बोंबलांची पोटं फाडलेली पडली होती, मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. "चार लोकांशी कसा वागतो त्यावरूनच ना? मग मॅपचं पण तेच. तो दुसऱ्या मॅपांशी कसा जुळतो तेवढंच बघायचं. एकास एक आहे, सगळीकडे पोचतो, दुसऱ्याच्या घरात जाऊन आपला आकार राखतो, की दोन टोकं चिकटवून नवीनच काही बनवतो, सगळं बाणांनी सांगता आलं पाहिजे. आत डोकावून तर कोणीही सांगेल." टोपॉलॉजी मी एमएस्सीला शिकले होते, परीक्षेत चांगले गुणही होते. पण हे मी ऐकलेलं नव्हतं. तो विषय कॅटेगरी थिअरी आहे हे तुम्ही मला तीन महिन्यांनी सांगितलंत, आणि तेही मी विचारलं म्हणून.

पोचण्याची परीक्षा त्याच आठवड्यात झाली. तुम्ही खडूने एक बाण काढलात, एका गोलातून दुसऱ्या गोलात. "हा सगळीकडे पोचतो का, ते आत न बघता शोधायचं. काय करशील?" मग तुम्ही दुसऱ्या गोलातून पुढे जाणारे दोन बाण काढलेत, एकमेकांना समांतर. "हे दोन तपासनीस. पहिल्या बाणाच्या मागोमाग आले की दोघे एकच अहवाल देतात. पण दोघे मुळात वेगळे असतील तर? तर कुठेतरी एक कोपरा असा आहे जिथे दोघांचं पटत नाही, आणि त्या कोपऱ्यात आपला बाण पोचलेलाच नाही. म्हणजे कोणतीही जोडी आणली, आणि बाणामागून आल्यावर सारखी वाटणारी ती जोडी खरोखरच एक निघाली, तर समजायचं की बाण सगळीकडे पोचला." तुम्ही फोडणीत बाटलीतला मसाला टाकलात, दरवर्षी मे महिन्यात तुमच्याकडे कुटून बिअरच्या बाटल्यांत भरला जायचा तो, आणि मी ठसका लागेपर्यंत ते दोन समांतर बाण बघत होते. इतकं सुंदर काही कोणी मला त्याआधी दाखवलं नव्हतं. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं.

आमच्या घरात गणितात एवढं पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा ट्रॉम्बेला वर्कशॉपमध्ये फिटर, आजोबा अकोल्याकडचं गाव सोडून आलेले, घर बौद्ध. विभागातल्या दुसऱ्या गाईड सरांनी पहिल्या मुलाखतीत माझं आडनाव दोनदा विचारलं होतं आणि मग "अच्छा, अच्छा" म्हणाले होते. तुम्ही मला आडनाव कधी विचारलंच नाही. फॉर्मवर वाचलं असेल. सहा महिन्यांनी एकदा म्हणालात, "तुझ्या घरी मासे करतात का गं, की मी उगाच खायला घालते?" एवढीच चौकशी. मी तुमच्या घरी आठवड्यातून तीन दुपारी येत होते आणि चौथ्या दुपारी यायला कारण शोधत होते.

रागावलात ते एकदाच. दुसऱ्या प्रकरणात एका ठिकाणी मी लिहिलं होतं, "हे उघड आहे". तुम्ही विचारलंत, "कोणाला उघड आहे?" मी म्हटलं, सगळ्यांनाच, पुस्तकात पण असंच दिलंय. तुम्ही ओट्यावरचं ओलं फडकं घेतलंत आणि माझी दोन तासांची सिद्धता एका हाताने पुसून टाकलीत, शेजारी ठेवलेल्या भाकऱ्यांवर शिंतोडे उडाले. "जिथे तुला येत नाही तिथेच तू उघड आहे लिहितेस. मी पाहिलंय. येतं तिथे तू दोन पानं लिहितेस." मी रडकुंडीला आले. तुम्ही जेवायला वाढलंत, पण बोलला नाहीत. मग पूर्ण थिसिसमध्ये ते दोन शब्द वापरायचे नाहीत असा हुकूम निघाला. आजही मी पोरांच्या वह्यांत ते शब्द दिसले की लाल गोल करते, आणि पोरं माझी नक्कल करतात, "कोणाला उघड आहे?" चांगली करतात मेली.

आणि मग तुमच्या भावाने घर दुरुस्तीला काढलं, ओटा तोडून ग्रॅनाइट बसवायचा ठरवला. तुम्ही त्याच्याशी आठवडाभर अबोला धरलात. शेवटी ओटा तुटला तेव्हा दोन फुटांचा एक तुकडा तुम्ही गवंड्याकडून कडा घासून घेतलात आणि मला म्हणालात, घेऊन जा. मी तो रिक्षाने मुलुंडपर्यंत आणला, पायांवर ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. आईने विचारलं, हे काय, पाटा आणलास? मी म्हटलं, फळा आहे. तिने त्यावर थालीपीठ थापायची परवानगी मागितली आणि मी ती दिली नाही, एवढंच माझं त्या वर्षातलं बंड.

आता थिसिसचं चौथं प्रकरण, ज्याचा पुढे तो पेपर झाला. पहिली तीन प्रकरणं आपण सगळ्या स्पेसेसबद्दल, तुमच्या त्या खडूच्या गोलांबद्दल, लिहिली, कसल्याही असोत. चौथ्यात आपण फक्त त्या स्पेसेस घेतल्या ज्यांच्यात कोणतेही दोन बिंदू आपापल्या वेगळ्या अंगणात ठेवता येतात. तुम्ही त्यांना सभ्य स्पेसेस म्हणायचात. मी पोचण्याची परीक्षा पहिल्या प्रकरणातून उचलली आणि चौथ्यात तशीच ठेवली. इथेच घात झाला. पहिल्या प्रकरणातली परीक्षा कोणाच्या जिवावर चालत होती? त्या एका गबाळ्या स्पेसच्या, जिच्यात दोनच बिंदू आहेत आणि ते एकमेकांना असे चिकटलेले की वेगळे करताच येत नाहीत. तिच्याकडे जाणारे तपासनीसच बारीकसारीक कोपऱ्यातला फरक सांगू शकतात. सभ्य वस्तीत तिला प्रवेश नाही. मग जे तपासनीस उरतात ते सगळे सभ्य. आजूबाजूला सगळीकडे त्यांचं पटलं की मधल्या एखाद्या सुट्या बिंदूवर त्यांना भांडताच येत नाही, सांतत्यामुळे तिथेही पटवून घ्यावं लागतं. बाण जवळजवळ सगळीकडे पोचला की परीक्षा पास. एखाद्या ठिकाणी कोणीच पोचलेलं नाही, हे त्यांना कळतच नाही. वस्ती सभ्य करताना ज्यांना बाहेर ठेवलं तेच खरं सांगणारे होते. हे दुसऱ्या कोणाला नाही तर आमच्यासारख्यांच्या घरातल्या मुलीला आधी सुचायला हवं होतं.

तुम्हाला सुचलं होतं. म्हणजे पूर्ण नाही, पण शंका आली होती. तोवर डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून तीनदा, आणि साखरेने डोळे गेले होते. तुम्ही पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेला असायचात, पायांवर शाल. थिसिस जमा करायच्या फॉर्मवर गाईडची सही हवी होती. मी फॉर्म पुढे केला, बोट धरून तुम्हाला जागा दाखवली. तुम्ही पेन हातात घेतलंत आणि थांबलात. "चौथ्यात तू जागा बदललीस. जागा बदलली की परीक्षा पुन्हा घ्यायची. ती पोचण्याची, सभ्यांमध्ये पुन्हा तपासलीस ना गं, बाय?" मी म्हटलं, "हो टीचर, तपासली." "बसते?" "बसते." तुम्ही सही केलीत. सही तिरकी गेली, ओळीच्या खाली उतरली, आणि मी म्हटलं, चालेल, चालेल. सात आठवड्यांनी तुम्ही गेलात.

का बोलले खोटं, याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत आणि सगळी खरी आहेत. तुम्ही सहीआधी गेला असता तर मला त्या आडनाव विचारणाऱ्या सरांकडे जावं लागलं असतं, आणि त्यांनी मला आणखी तीन वर्षं रखडवलं असतं. बाबा त्याच वर्षी रिटायर होणार होते. तुम्हाला थकवा यायचा, दोन वाक्यांनंतर धाप लागायची, आणि मला तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. शेवटचं कारण मी लोकांना सांगते कारण त्यात मी चांगली दिसते. खरं कारण एवढंच की मला संपवायचं होतं. चार वर्षं त्याच त्या बाणांचा मला कंटाळा आला होता आणि तुमच्या मरणाचीही भीती वाटत होती, आणि दोन्ही एकदम उरकून टाकावं असं वाटत होतं. हे लिहायला मला जड जातंय.

मग डिग्री मिळाली, नोकरी मिळाली. चौथ्या प्रकरणाचा पेपर करून मी पाठवला, आपल्या दोघींच्या नावाने. मासिकाने तुमच्या नावाशेजारी छोटी खूण केली आणि तळटीप टाकली की या लेखिका आता हयात नाहीत. मी ते पान फोटोकॉपी करून तुमच्या भाचीला दिलं. तिने ते फ्रेम केलं. सांगायचा मुद्दा, त्या खोट्याला मी स्वतः तुमचं नाव चिकटवलं. मागाहून आणखी काही जणांनी त्या पेपरावर आपलं काम उभं केलं, आणि तीन वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं, इथून सुरुवात कर, हे पक्कं आहे. तिने थिसिसचा अर्धा भाग त्यावर बांधला.

इतकी वर्षं मी कशी जगले असं तुम्ही विचाराल. बऱ्यापैकी जगले. मनाशी एक समजूत धरून ठेवली होती. तुम्हाला कळलं होतं, अशी. पेन थांबवलंत तेव्हाच माझ्या आवाजावरून ओळखलंत, आणि तरी सही केलीत, मला सोडून दिलंत. तुमच्यासारख्या बाईला कळणार नाही असं होईल का? या समजुतीवर मी बारा वर्षं काढली. मंगळवारी ती मुलगी गेल्यावरही मी तीच घेऊन बसले होते. पण समासात तिने काय टिपलं होतं ते सारखं टोचत होतं. दुरुस्ती छापायची झाली तर तिच्यात कारण लिहावं लागणार, आणि कारण म्हणून ती तुमचं आजारपण लिहिणार. म्हणून रविवारी मी अंधेरीला आले. तुमच्या भाचीला आधी सांगावं, घरच्यांचा मान म्हणून.

आता मेट्रोने घाटकोपरहून अर्ध्या तासात होतं. गावठाणाला तिन्ही बाजूंनी टॉवर लागलेत, तुमच्या अंगणात दुपारी ऊन येत नाही. भाची आता पन्नाशीची, ग्रॅनाइटच्या ओट्यावर फुग्यांचं, त्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ फेटत होती, घरात कोणाचातरी बाप्तिस्मा होता. मी तिला मोघम सांगितलं, पेपरात चूक निघालीय, चौथ्या प्रकरणातली. ती हात न थांबवता म्हणाली, "चौथं ना? त्याचं मला आठवतं. आत्याला दिसत नव्हतं तेव्हा मीच वाचून दाखवायची सगळं. मला गणित कुठे येतं! नुसतं सांगायची, बाण अ-कडून ब-कडे, वर ग लिहिलाय, खाली घ लिहिलाय. ती डोळे मिटून ऐकायची आणि मधेच म्हणायची, थांब, परत सांग, उलटा लिहिलाय बघ तिने. तीन चॅप्टर असे केले आम्ही. तिसऱ्यात तर किती चुका काढल्या, तुम्हाला दिल्या ना मी लिहून?" मी म्हटलं, दिल्यात. "मग चौथं काढलं तर म्हणाली, राहू दे. मी बोलले, आत्या, वाचते ना, मला काय त्रास नाही. तर म्हणते, नको, ती म्हणालीय तपासलंय. तिने तपासलंय म्हणजे झालं. आणि मग झोपली." भाचीने पीठ झाकून ठेवलं आणि मला विचारलं, "काय झालं? बसा ना. पाणी देऊ?"

तुम्हाला काहीही कळलं नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, एवढंच झालं होतं. डोळे नसताना तुम्ही तिसऱ्या प्रकरणातले उलटे बाण कानांनी पकडलेत. चौथं वाचलं असतं तर दुसऱ्याच पानावर थांबवलं असतंत. दोन दिवसांचं काम होतं. मी ती जागा सुधारली असती, बंदिस्त, म्हणजे कॉम्पॅक्ट, सभ्य स्पेसेसपुरतं ते प्रमेय खरंच आहे, तेवढंच लिहिलं असतं, आणि फॉर्म पुढच्या आठवड्यात जमा झाला असता. तुम्ही आणखी सात आठवडे होता, टीचर. माझ्या एका शब्दाने मी तुम्हाला तुमचं शेवटचं काम करू दिलं नाही. मी भाचीला हे सांगितलं नाही. तिने डब्यात फुगे भरून दिले आणि मी ते घेतले.

सोमवारी मी विद्यार्थिनीला बोलावून सांगितलं. "आजारपणाचं लिहायचं नाही. त्यांनी मला विचारलं होतं. मी न तपासता हो म्हटलं." तिने लिहिणं थांबवलं. "म्हणजे तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत?" हो. "आणि मंगळवारी मला पण?" हो. मला वाटलं ती चिडेल, अर्धा थिसिस गेला म्हणून रडेल. तिने पेनचं टोपण लावलं. "मॅडम, तुमच्या शब्दावर मी किती गोष्टी न बघता घेतल्यात, माहितीये का तुम्हाला?" तिने प्रिंट घडी घालून बॅगेत टाकली. "मी आता पहिल्या चॅप्टरपासून सगळं परत चेक करणार. तुमचं सगळं. आणि तुम्ही बसते म्हणालात तरी करणार." मी म्हटलं, कर. ती दारातून वळून म्हणाली, "बंदिस्त असेल तर बसतं पण. ते मी काढलंय. तेवढं वाचेल." आणि गेली. त्या दिवसापासून ती मला गुड मॉर्निंग म्हणते, आधीसारखी डबा उघडून समोर बसत नाही.

काल मासिकाला मेल गेला. दुरुस्ती चार ओळींची आहे. प्रमेय फक्त बंदिस्त सभ्य स्पेसेससाठी खरं, उदाहरण माझ्या विद्यार्थिनीचं, तिच्या नावानिशी. खाली मी लिहिलं की दुसऱ्या लेखिकेने ही पायरी तपासायला स्पष्ट सांगितलं होतं, पहिलीकडून ते तपासायचं राहून गेलं, आणि चूक सर्वस्वी पहिलीची आहे. संपादकांचं लगेच उत्तर आलं की इतका खुलासा सहसा कोणी करत नाही, पण हवा असेल तर ठेवतो. विभागात एक-दोघांनी ऐकलं आणि म्हणाले, मोठं मन लागतं. मी थँक यू म्हटलं.

हे कॉलेजच्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहितेय. कोणाला द्यायचं नाहीये, भाचीलाही नाही. म्हणून एवढं लिहिते, जे मासिकाला लिहिलं नाही, त्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगता आलं नाही, आणि या पत्रातही इथपर्यंत टाळलं. तपासायचं राहून गेलं नव्हतं, टीचर. तुम्ही विचारलंत त्याच्या आदल्या दिवशी मी लायब्ररीत बसून तपासलं होतं. बसत नव्हतं.